कंपनीच्या नावावरचा मोबाइल नंबर नोकरी सोडताना स्वतःकडे ठेवणे

आपला प्रश्न वाचला आणि माझीच जुनी अडचण पुन्हा समोर उभी राहिली. राजीनामा दिला आहे, नोटीस पिरियड महिनाअखेरीस संपतो, वर्षानुवर्षे वापरात असलेला नंबर कंपनीने दिलेला आहे, १९०० वर पोर्टचा, म्हणजे नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलण्याचा, मेसेज पाठवल्यावर कोडऐवजी नकार आला, आणि आता नवा नंबर घेऊन मोकळे व्हावे की याच नंबरासाठी भांडावे, असे आपण विचारले आहे. भांडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त ते भांडण आपल्या कार्यालयाशी करावे, लेखी करावे, आणि नोटीस पिरियड संपण्याच्या आत करावे.

मेसेज कसा पाठवायचा, आठ अक्षरी यूपीसी (पोर्टसाठी मिळणारा कोड) म्हणजे काय, दुकानात आधार कसे दाखवायचे, हे सर्व आपल्याला माहीत आहे असे धरून ते सोडून देतो. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. मी दूरसंचार क्षेत्रातला नाही आणि वकीलही नाही. खाली आहे तो एका वापरकर्त्याचा अनुभव आणि त्या निमित्ताने वाचलेले नियम. पोर्टिंगच्या नियमांत आजवर अनेक दुरुस्त्या झाल्या आहेत, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकावी.

नंबर पोर्ट करण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली, २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळू लागली आणि ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून (दूरसंचार सेवेच्या विभागातून) दुसऱ्या सर्कलमध्येही नंबर नेता येऊ लागला. इतक्या वर्षांत नंबर हा वापरणाऱ्याचाच असतो, अशी आपल्या सर्वांची समजूत झाली आहे. नियमांच्या दृष्टीने मात्र हा हक्क ग्राहकाचा आहे, आणि कनेक्शन ज्याच्या नावावर आहे तो ग्राहक. नाव कंपनीचे आणि बिलही कंपनीच भरते, अशा कनेक्शनला मोबाइल कंपन्या सीओसीपी म्हणतात. नाव कंपनीचे पण बिल कर्मचारी भरतो, ते सीओआयपी. आपले दरमहाचे बिल आपल्याच कार्डावरून जात असेल, तरी त्याने मालकी सिद्ध होत नाही. बिलाच्या डोक्यावर कोणाचे नाव आहे, ते आधी पाहावे. तिथे कंपनीचे नाव असेल, तर अधिकृत सहीच्या पत्राशिवाय तो नंबर जागचा हलत नाही.

माझ्या बाबतीत सर्वांत महाग पडले ते हेच पत्र. मोबाइल कंपनीने मला फारसे छळले नाही. छळले ते माझ्याच जुन्या कार्यालयाच्या अ‍ॅडमिन विभागाने. नोटीस पिरियडच्या सुरुवातीलाच मी लेखी विनंती केली होती, त्यावर तोंडी होकारही मिळाला होता. बऱ्याच पाठपुराव्यानंतर पत्र हाती आले. शाखेचे लेटरहेड, मधोमध माझा नंबर, खाली शाखाप्रमुखांची निळ्या शाईतली सही आणि त्या सहीवर अर्धा चढलेला गोल शिक्का. कोणालाही खरे वाटावे असे ते पत्र होते, पण मोबाइल कंपनीच्या दृष्टीने ते कोरा कागद होते. कॉर्पोरेट खाते उघडताना कंपनी आपल्या अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचे नाव आणि नमुना सही मोबाइल कंपनीकडे नोंदवते, आणि पत्रावरची सही त्या नमुन्याशी जुळावी लागते. शाखाप्रमुख कितीही मोठे असले, तरी त्या नोंदीत त्यांचे नाव नव्हते.

मग ती सही नेमकी कोणाची लागते, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याचे उत्तर मला कोणी देईना. एचआर म्हणे अ‍ॅडमिनला विचारा, अ‍ॅडमिन म्हणे हे आयटीकडे असते, आयटी म्हणे बिल फायनान्स पाहते, आणि फायनान्समध्ये नोकरी सोडणाऱ्या माणसाच्या ईमेलला उत्तर देणे कोणाच्याच कामात बसत नव्हते. एका नावासाठी एका माणसाला इतके फिरवावे, याचा मला आजही राग आहे. त्या नंबरावर बँकेचा ओटीपी येतो, आधार त्याला जोडलेले असते, आईवडिलांच्या डॉक्टरांकडे तोच लिहिलेला असतो. कार्यालयाच्या लेखी मात्र ती यादीतली एक ओळ असते आणि माणूस गेला की ती खोडायची असते. अखेर मुख्य कार्यालयातल्या हिशेब विभागातील एका भल्या माणसाने जुनी फाइल काढून ते नाव शोधले आणि स्वतः जाऊन सही आणली. त्यांचे ते काम नव्हते, आणि म्हणूनच आपण असा भला माणूस भेटण्याच्या भरवशावर राहू नये, असे मला कळकळीने वाटते.

म्हणून आजच कार्यालयाला ईमेल करून एकच प्रश्न विचारावा: ‘आपल्या कॉर्पोरेट खात्यावर मोबाइल कंपनीकडे अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून कोणाचे नाव नोंदलेले आहे?’ पत्र द्या, असे आत्ता म्हणूच नये. नाव कळले की पत्राचा मजकूर आपणच तयार करून त्यांच्यापुढे ठेवावा. तयार मजकुरावर सही लवकर मिळते. त्यात नंबर, आपले पूर्ण नाव, तो आपल्या वैयक्तिक नावावर करण्यास किंवा पोर्ट करण्यास हरकत नसल्याचे स्पष्ट वाक्य, तारीख, सही करणाऱ्याचे नाव आणि हुद्दा, एवढे पुरते. आपल्याबरोबर आणखी कोणी सहकारी सोडून जात असतील, तर पोर्टिंगसाठी एकाच पत्रात १०० नंबरांपर्यंत परवानगी देता येते. एका माणसासाठी सही घ्यायला कंटाळणारे कार्यालय पाच जणांसाठी हलते, असा माझा अनुभव आहे.

आता मार्ग कोणता धरावा, याबद्दल. एक मार्ग म्हणजे त्या पत्रावर सरळ दुसऱ्या कंपनीत पोर्ट करणे. दुसरा म्हणजे आहे त्याच मोबाइल कंपनीत नंबर आधी स्वतःच्या नावावर करून घेणे आणि पोर्टिंगचा विचार नंतर सावकाश करणे. मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे, जरी दुकानातले विक्रेते नेहमी पहिलाच सुचवतात, कारण नवा ग्राहक त्यांना त्याच दिवशी हवा असतो. पोर्टिंगमध्ये जुनी मोबाइल कंपनी, नवी मोबाइल कंपनी, मधली पोर्टिंग संस्था आणि आपले कार्यालय असे चौघे येतात. नावबदलात दोघेच असतात. शिवाय यूपीसीची मुदत जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्य भारत वगळता फक्त चार दिवसांची असते, आणि चार दिवसांत कोणत्याही कार्यालयातून सही बाहेर पडत नाही. पहिलाच मार्ग धरायचा असेल, तर आधी सहीचे पत्र हातात घ्यावे आणि मगच १९०० वर मेसेज पाठवावा. नावबदलाचा अर्ज चालू असताना पोर्टचा मेसेज मात्र अजिबात पाठवू नये, कारण मालकीबदल प्रलंबित असणे हे नकाराच्या कारणांपैकीच एक आहे. दोन्ही दारे एकदम ठोठावली, तर दोन्ही बंद होतात.

आपल्याला आलेल्या नकाराबद्दलही लिहायला हवे. १६ डिसेंबर २०१९ पासून कोड देण्याआधीच अटी तपासल्या जातात: पोस्टपेडचे मुदत उलटलेले बिल थकलेले आहे का, सध्याच्या कंपनीत ९० दिवस झाले आहेत का, मालकीबदल चालू आहे का, नंबराबाबत न्यायालयात काही वाद आहे का, वगैरे. आपल्या मेसेजमध्ये थकबाकीचे कारण दिले आहे, असे आपण लिहिले आहे, आणि बिल कंपनी भरते म्हणून आपण गोंधळला आहात. माझेही हेच झाले होते. मोठ्या कंपन्यांत सर्व नंबरांचे बिल एकत्र येते, ते मंजुरीसाठी टेबलावरून टेबलावर फिरते आणि मुदत उलटून गेल्यावर भरले जाते. तोपर्यंत त्या खात्यावरच्या प्रत्येकाला थकबाकीदार समजले जाते. यावर उपाय एकच. फायनान्सकडून शेवटचे बिल कोणत्या तारखेला भरले गेले ते समजून घ्यावे, ते जमा झाल्यानंतर आणि पुढच्या बिलाची मुदत उलटण्याआधी जे दिवस मिळतात, त्यातच मेसेज पाठवावा. अटीत बसत नाही ते मुदत उलटलेले बिल. चालू महिन्याच्या वापराने कोड अडत नाही.

हँडसेट कंपनीचा असेल, तर तो परत करताना सिम आपल्याकडे ठेवण्याची लेखी परवानगी आधीच घ्यावी. सामान जमा करून घेणारा कर्मचारी फोन सिमसकट पाकिटात घालतो, वर आपले नाव लिहितो आणि पाकीट कपाटात जाते. मग बदली सिम काढावे लागते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार सिम बदलल्यावर सात दिवस यूपीसी मिळत नाही. फसवणूक रोखण्यासाठी हा नियम केला आहे आणि तो योग्यच आहे, पण नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात तो नेमका आपल्याच आड येतो.

याहून मोठा धोका सरेंडरचा आहे. सोडून गेलेल्यांचे नंबर बंद करण्याची यादी बहुतेक कार्यालये ठराविक काळाने मोबाइल कंपनीला पाठवतात. बंद झालेला नंबर पोर्ट होत नाही. किमान ९० दिवस तो कोणालाच दिला जात नाही आणि नंतर अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकतो. माझा नंबर त्या यादीत गेला होता, आउटगोइंग बंदही झाले होते, आणि ‘काम चालू आहे’ असे सांगणाऱ्या कार्यालयानेच ती यादी पाठवली होती. म्हणून पत्राची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत हा नंबर सरेंडर करू नये, असे एक ओळीचे निवेदन आपल्या वरिष्ठांना आणि एचआरला एकाच ईमेलमध्ये पाठवून ठेवावे आणि त्याची पोच मागावी. तोंडी आश्वासनावर अजिबात विसंबू नये.

तक्रारीबद्दल थोडे, कारण अनेक जण ट्रायला लिहा असा सल्ला देतात. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. मोबाइल कंपनीच्या कस्टमर केअरकडे तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्यावा आणि समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे, असा क्रम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात दूरसंचार सेवेबाबत ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते, हे स्पष्ट केले आहे. परंतु आपल्या स्थितीत यांपैकी काहीही फारसे कामी येईल असे मला वाटत नाही, कारण ग्राहक म्हणून नोंद कार्यालयाची आहे आणि अडवणूकही कार्यालयाचीच आहे. म्हणूनच नोटीस पिरियडचे दिवस मोलाचे आहेत. त्या काळात आपण अजून कर्मचारी असतो, हस्तांतराची कामे आपल्याकडून व्हायची असतात, आणि आपल्या ईमेलला उत्तर मिळण्याची शक्यता तेवढ्या काळापुरतीच असते. कार्यमुक्तीच्या कागदांत या पत्राचा उल्लेख करून घेता आला, तर अवश्य घ्यावा.

हे चालू असताना स्वतःच्या नावावर एक दुसरा नंबर घेऊन ठेवावा आणि किमान मुख्य ईमेल खात्याचा रिकव्हरी नंबर म्हणून तो जोडावा. बँक आणि आधारचा नंबर मात्र घाईने बदलू नये, असे माझे मत आहे. काहींना हे पटणार नाही, आणि ज्यांचे कार्यालय सरळ नकार देऊन मोकळे झाले आहे त्यांनी माझे ऐकू नये, त्यांनी पहिल्याच दिवशी बँक गाठावी. जाता जाता, ज्यांचा नंबर वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर आहे, त्यांनीही ती व्यक्ती सोबत येऊ शकते आहे तोवरच नावबदल करून घ्यावा. पुढे वारसाची कागदपत्रे जमवणे फार जड जाते.

सर्व जुळून आले की कॉर्पोरेट नंबराला पाच कामकाजाचे दिवस लागतात. अर्ज केल्यावर मन बदलले तर २४ तासांत १९०० वर कॅन्सलचा मेसेज पाठवता येतो. प्रत्यक्ष बदलाच्या वेळी सुमारे चार तास सेवा बंद राहू शकते, जुन्या सिमची रेंज गेली की नवे सिम घालावे, आणि यूपीआय अ‍ॅपची नोंदणी पुन्हा करावी लागेल हे गृहीत धरावे.

यानंतरही एक धागा कार्यालयाच्या हातात राहतो. जुनी मोबाइल कंपनी पोर्टनंतर शेवटचे बिल काढते, आणि ते भरले गेले नाही तर ती नव्या कंपनीला आपली सेवा तोडायला सांगू शकते. ते बिल आपल्या जुन्या कार्यालयाच्या पत्त्यावर जाते, आपल्याला ते दिसतही नाही. शक्य असेल तर त्या एका नंबराची रक्कम विचारून ती स्वतः भरण्याची तयारी लेखी दाखवावी, आणि बिल चुकते झाल्याची पावती किंवा तसा ईमेल मिळेपर्यंत फायनान्समधल्या माणसाचा पाठपुरावा सोडू नये.