स्कॉटलंडच्या फ्री चर्चवर लिहिणाऱ्या मुलीस

प्रिय लेकी,

सप्रेम सलाम.

तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण दोनदा वाचलं. मेहनत घेतली आहेस, ती पानोपानी दिसते. पण पहिल्याच पानावर तू या लोकांना ‘हट्टी’ म्हणून मोकळी झालीस आणि पुढची सगळी पानं तो एक शब्द सिद्ध करण्यात गेली. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड आज लहानशी मंडळी आहे. वाद्यांशिवाय बायबलमधली स्तोत्रं गाणारे आणि रविवार कडक पाळणारे लोक, एवढीच तिची ओळख बाहेर उरली आहे. तू या ओळखीपासून निघालीस, म्हणून तुला हट्टच सापडला.

ऑक्टरार्डर गावापासून सुरुवात कर. १८३४ साली तिथे नवा पाळक नेमायचा होता आणि कायद्याने तो हक्क अर्ल ऑफ किनूल या उमरावाचा. त्यांनी रॉबर्ट यंग यांचं नाव पुढे केलं. पाळकाला बोलावणाऱ्या मंडळीच्या पाचारणपत्रावर गावातल्या फक्त दोघांनी सह्या केल्या. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी नकार कळवला. मंडळीचा असा नकार ग्राह्य धरावा, असा नियम चर्च ऑफ स्कॉटलंड या राज्यमान्य चर्चच्या महासभेने, म्हणजे त्याच्या सर्वोच्च सभेने, त्याच वर्षी केला होता. न्यायालयाने तो नियमच बेकायदा ठरवला. मंडळीचं मस्तक ख्रिस्त, राजा किंवा न्यायालय नव्हे, हे प्रत्येक जण बालपणापासून धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीत पाठ करत आला होता. आता त्या उत्तराची किंमत द्यायची वेळ आली.

१८ मे १८४३ रोजी एडिनबरोच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये महासभा भरली. अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचलं आणि ते बाहेर पडले. त्यांच्या मागून माणसं उठत गेली, चालत टॅनफील्डच्या सभागृहात पोहोचली आणि तिथे टॉमस चाल्मर्स यांना त्यांनी अध्यक्ष निवडलं. फ्री चर्च जन्मलं ते असं. ४७० हून अधिक पाळकांनी सही केली. पगार गेला, राहतं घर गेलं, उपासनेची इमारतही गेली. स्ट्रॉन्शियनला जमीनदाराने चर्चसाठी जागाच दिली नाही, तेव्हा लोकांनी लोखंडी तरंगतं चर्च बांधून घेतलं आणि १८४६ पासून सूनार्ट खाडीच्या पाण्यावर उपासना चालवली. हे तुझ्या प्रकरणात एका ओळीत आलं आहे. त्याला पान दे. चाल्मर्स यांनी गरिबांकडून आठवड्याला एक पेनी गोळा करून पाळकांचा निधी उभा केला, तेही त्याच पानावर येऊ दे.

आपल्याकडचा धागाही तू सोडलास. मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन नव्या चर्चबरोबर गेले. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले ते याच चर्चचे मिशनरी म्हणून. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, तेही याच मिशनचं काम. विल्सन कॉलेज आणि हिस्लॉप कॉलेज ही नावं आपण रोज घेतो. त्यांच्यामागचं हे चर्च मात्र आपल्या वाचकाला ठाऊक नसतं.

एक काळी बाजू आहे, ती झाकू नकोस. नव्या चर्चने अमेरिकेतल्या गुलाम बाळगणाऱ्या राज्यांतून सुमारे ३,००० पौंड देणगी घेतली. १८४६ साली फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामीतून सुटलेला माणूस, स्कॉटलंडभर ‘पैसे परत पाठवा’ म्हणत फिरला. पैसे परत गेले नाहीत. ख्रिस्ताचं राज्य मानणाऱ्यांनी तेव्हा चूक केली, असं मी स्पष्ट म्हणेन. तूही म्हण.

आता तुझा खरा अवघड भाग. हे लोक राज्यसत्तेपासून धर्म तोडायला निघाले नव्हते. सत्तेने खऱ्या धर्माला आधार द्यावा, हुकूम मात्र चालवू नये, असं ते मानत. या बारकाव्याकडे दुर्लक्ष केलंस तर पुढचं काही कळणार नाही. १८९२ च्या एका ठरावाने वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराची, म्हणजे या चर्चच्या श्रद्धेच्या अधिकृत लेखाची, पकड सैल झाली. त्यावरून १८९३ साली रासे बेटाचे डोनाल्ड मॅकफार्लेन आणि शील्डेगचे डोनाल्ड मॅकडोनाल्ड हे पाळक वेगळे झाले. १९०० मध्ये बहुसंख्य लोक दुसऱ्या चर्चशी एक झाले. मागे राहिले तीसहूनही कमी पाळक, बहुतेक डोंगराळ, गेलिकभाषी भागातले. आजचं फ्री चर्च हे त्यांचंच. ते न्यायालयात गेले आणि १ ऑगस्ट १९०४ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने सगळी मालमत्ता त्यांना दिली, कारण मूळ तत्त्वांवर तेच टिकून होते. एवढ्या इमारती चालवायला माणसं कुठून आणणार? अखेर १९०५ साली संसदेला कायदा करून वाटणी करावी लागली.

न्यायालयाने चर्चच्या कामात पडू नये म्हणून ज्यांच्या आजोबांनी घरदार सोडलं, त्यांनीच चर्चचा सिद्धांत कोणता हे न्यायालयाला विचारलं. मला हे कित्येक वर्षं खटकत आलं आहे. तरी त्यांची बाजूही खरी वाटते: ज्यांनी पेनी-पेनी दिली, त्यांनी ती एका विशिष्ट विश्वासासाठी दिली होती. तुझं दुसरं प्रकरण या अडचणीवर उभं कर. घाईने निकाल देऊ नकोस.

उपासनेत वाद्यं का नाहीत, या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. देवाने वचनात जी उपासना सांगितली तेवढीच करायची, माणसाने पदरचं काही घालायचं नाही. राजाला आत येऊ न देणारी माणसं स्वतःच्या आवडीनिवडीलाही आत येऊ देत नव्हती. २०१० मध्ये महासभेने माणसांनी रचलेली गीतं आणि वाद्यं यांना परवानगी दिली; तरी कित्येक ठिकाणी अजून स्तोत्रंच गातात.

लूइस बेटावर जाशील तेव्हा गेलिक उपासनेला बस, भाषा कळली नाही तरी. पुढारी एकेक ओळ म्हणतो आणि मंडळी ती आपापल्या वळणांनी उचलते. जुन्या रीतीप्रमाणे गाताना बसतात, प्रार्थनेला उभे राहतात. वही पिशवीतच ठेव. कोणतं स्तोत्र होतं ते नंतर शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचार आणि मला त्याचा क्रमांक कळव; मी इथे मराठीतून तेच वाचेन.

तुझी,
बाई