शिवी देतात, कुरापत काढतात

एका वाचकाने विचारलं आहे : खेळाडू मैदानावर प्रतिस्पर्ध्याला जे बोलतात, ज्याला 'ट्रॅश टॉक' किंवा 'स्लेजिंग' म्हणतात, त्याला मराठीत 'शिवीगाळ' म्हटलं तर चालेल का? त्यांच्या मते चालावं. त्यांनी लिहिलंय, "ट्रॅश म्हणजे कचरा, आणि शिवीगाळीतला गाळ म्हणजेही कचराच. शब्द मापात बसतो." वर्तमानपत्रांत 'वाक्युद्ध' असाही शब्द येतो, तो कसा, हे त्यांनी जाता जाता विचारलंय.

'वाक्युद्ध' आधी निकालात काढतो. वाक् आणि युद्ध यांचा संधी 'वाग्युद्ध' होतो. पसायदानात 'येणें वाग्यज्ञें तोषावें' आपण लहानपणापासून म्हणतो, तिथे कुणी 'वाक्यज्ञें' म्हणत नाही. तोच नियम इथेही. आणि वाग्युद्धाला दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं. यष्टिरक्षक तासभर बडबडतोय आणि फलंदाज मान खाली घालून खेळतोय, याला युद्ध कसलं म्हणायचं?

आता 'शिवीगाळ'. हा शब्द मराठी समालोचनात आणि बातम्यांत इतका सरसकट वापरला जातो की कान किटले. स्टंपमधल्या माइकवर कुणी नुसतं "आज घाई दिसतेय साहेबांना" म्हटलेलं ऐकू आलं, तरी मथळा 'मैदानावर शिवीगाळ'. त्यात शिवी कुठे होती?

आणि गाळाचं म्हणाल, तर तो गाळ तो नव्हेच. पुरावा तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही 'शिवीगाळीतला' लिहिलंत, 'शिवीगाळातला' नाही. न शिकवता बरोबर लिहिलंत, कारण तुमच्या कानाला माहीत आहे की शिवीगाळ 'ती' आहे. विहिरीच्या तळाशी साचतो 'तो' गाळ, पुल्लिंगी, त्याचं 'गाळात', 'गाळातला' होतं. 'शिवीगाळ केली', 'शिवीगाळीला कंटाळलो' यातली गाळ स्त्रीलिंगी. शिवी स्त्रीलिंगी आहे म्हणून अख्खा शब्द स्त्रीलिंगी झाला असेल, असं कुणी म्हणेल. पण मराठीत जोडशब्द सहसा शेवटच्या पदाचं लिंग घेतो. वही स्त्रीलिंगी, पुस्तक नपुंसकलिंगी, पण 'वहीपुस्तक हरवलं'. तेव्हा ही गाळ मुळातच 'ती' असली पाहिजे, आणि ती तशी आहे. संस्कृत 'गालि', म्हणजे शिवी, हिंदीत 'गाली'. जरा नटवून बोलताना आपण 'गालिप्रदान' म्हणतो, त्यातली गालि हीच. तिचा चिखलाशी संबंध नाही आणि तोंडावरच्या गालाशीही नाही. म्हणजे 'शिवीगाळ' हा 'कागदपत्र', 'धनदौलत' यांच्यासारखा एकाच अर्थाच्या दोन शब्दांचा जोड आहे. कचऱ्याचा त्यात कणही नाही.

याच गालीवर संस्कृतात एक सुरेख सुभाषित आहे. त्याचा भाव असा : तुमच्याकडे शिव्या आहेत, तुम्ही खुशाल द्या. आमच्याकडे त्या नाहीत, म्हणून आम्हाला देता येत नाहीत. जे जवळ असतं तेच दिलं जातं, सशाचं शिंग कुणी कुणाला देत नाही. 'दीयते विद्यमानम्.' मला या श्लोकातलं क्रियापद महत्त्वाचं वाटतं. शिवी *देतात*. मराठीतही देतात, घालतात, हासडतात. प्रत्येक वेळी वस्तू देणाऱ्याच्या घरची असते आणि समोरच्याच्या अंगावर जाऊन पडते.

स्लेजिंगची दिशा उलटी आहे. तिथे देत नाहीत, *काढतात*. मराठीत या 'काढणे'चं एक अख्खं कुटुंब आहे आणि त्याच्याकडे कुणी नीट पाहत नाही याचं मला फार वाईट वाटतं. खोडी काढणे, कळ काढणे, उखाळ्यापाखाळ्या काढणे, बाप काढणे, आई-बहीण काढणे, जात काढणे. यातलं काहीही बोलणाऱ्याचं स्वतःचं नाही. तो समोरच्याच्या घरात हात घालतो, त्याचंच काहीतरी बाहेर ओढतो आणि त्याच्याच डोळ्यांपुढे नाचवतो. या कुटुंबातला सर्वांत थोरला शब्द म्हणजे 'कुरापत', आणि माझं उत्तरही तेच आहे. स्लेजिंग म्हणजे कुरापत काढणे.

या शब्दाचं मूळ सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. जुन्या अरबी कथेत उझरा टोळीतला खुराफा नावाचा एक माणूस आहे. त्याला जिन्नांनी पळवून नेलं. काही काळाने तो परत आला आणि तिकडे काय काय पाहिलं ते सांगू लागला. लोकांनी ऐकलं आणि एका अक्षरावरही विश्वास ठेवला नाही. पुढे कुणी अचाट काही सांगितलं की 'ही तर खुराफाची गोष्ट' असं म्हणायची रीत पडली. माणसाचं नाव सामान्यनाम झालं आणि त्याचं अनेकवचन झालं 'खुराफात', म्हणजे भाकडकथा. हिंदी-उर्दूत आल्यावर त्यात वात्रटपणा शिरला, 'खुराफाती' मुलगा म्हणजे उपद्व्यापी मुलगा. मराठीत आल्यावर त्याला टोक आलं : भांडण लागावं म्हणून उकरून काढलेली गोष्ट, ती कुरापत. हिंदीचा 'ह'कार टाकून द्यायची मराठीची जुनी खोड आहेच. हिंदीतला हाथ आपल्याकडे हात, भूख भूक, सीखना शिकणे, हाथी हत्ती. इथे तर ख आणि फ दोन्ही हलके झाले.

एका भाषाशुद्धीवाल्या गृहस्थांनी मला तावातावाने सांगितलं होतं की हा शब्द शुद्ध संस्कृत आहे, कु अधिक आपत्, वाईट संकट. मी त्यांना विचारलं, मग मधला 'र' कुठून आला? आणि संधी केला तर 'क्वापत्' होईल, 'कुरापत' नव्हे. उत्तर आलं नाही. शब्द परका निघाला की त्याला ओढूनताणून सोवळं नेसवायचं, या वृत्तीची मला चीड आहे. खुराफाची गोष्ट इतकी जिवंत असताना 'वाईट संकटा'त जाऊन पडायचं कशाला?

आता पाहा, स्लेजिंगला हा शब्द किती चपखल बसतो. 9 जुलै 2006, बर्लिन, फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत, जादा वेळ सुरू, बरोबरी 1-1. इटलीच्या मातेराझ्झीने फ्रान्सच्या झिदानचा शर्ट धरला होता. झिदान म्हणाला, हवा असेल तर सामना संपल्यावर देतो. मातेराझ्झीने उत्तरात त्याची बहीण काढली. मराठीत हे एवढंच सांगावं लागतं, पुढचे शब्द लागत नाहीत. झिदान पुढे गेला होता, तो वळला, चालत परत आला आणि 110व्या मिनिटाला त्याने छातीवर डोकं हाणलं. लाल कार्ड. इटली पेनल्टींवर 5-3 ने जिंकली. यात राग कुणाचा बाहेर आला? बोलणाऱ्याचा नव्हे. शिवी देणारा स्वतःचा राग ओकतो, कुरापत काढणारा दुसऱ्याचा राग बाहेर काढतो. फिफाने पुढे झिदानला तीन सामन्यांची बंदी घातली आणि मातेराझ्झीलाही दोन सामन्यांची. म्हणजे कुरापत काढणं हासुद्धा गुन्हा, हे त्यांनी मान्य केलं.

दुसरा दाखला याहून चांगला आहे, कारण त्यात शब्दांची गरजच पडली नाही. 9 मार्च 1996, बंगळूर, विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना. पाकिस्तानच्या आमिर सोहेलने भारताच्या वेंकटेश प्रसादला चौकार मारला आणि बॅट सीमारेषेकडे रोखून दाखवली : पुढचाही तिकडेच. तोंडातून काय निघालं ते सोडून द्या, स्टेडियमभर पोचली ती रोखलेली बॅट. पुढच्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला, आणि मग प्रसादने त्याला तंबूची वाट दाखवताना जे सुनावलं ते तोंडाचं काम होतं. एकाच षटकात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. सोहेलने काढली ती कुरापत, प्रसादने दिला तो प्रसाद. दोन्हींना 'शिवीगाळ' म्हणाल तर या प्रसंगातली सगळी गंमत पुसली जाते.

मला कुणी म्हणेल की हा भेद तुम्ही घरी बसून पाडलात. तर क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची आचारसंहिता पाहा. तिथे कलम 2.3 ऐकू जाईल अशा अश्लील शब्दांसाठी आहे, आणि स्वतःच्याच खराब खेळावर वैतागून हासडलेली शिवीसुद्धा त्यात येते. समोर कुणी असायची गरज नाही. कलम 2.5 वेगळं आहे. बाद झालेल्या फलंदाजाला हिणवणारे किंवा तो भडकून उठेल असे शब्द, हावभाव, कृती त्यात येतात. पहिलं कलम शिवीचं, दुसरं कुरापतीचं. नियम करणाऱ्यांना जो फरक कळला तो आपल्या मथळेकारांना का कळू नये?

एका बाबतीत मात्र 'कुरापत' हा शब्द मी वापरणार नाही आणि तुम्हीही वापरू नका. जानेवारी 2008 मधल्या सिडनी कसोटीनंतर हरभजन सिंगवर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला 'मंकी' म्हटल्याचा आरोप झाला. त्याच्या बाजूचं म्हणणं होतं की तो शब्द 'माँ की' असा होता. आधी तीन कसोटींची बंदी झाली, अपिलात ती उठली आणि अर्वाच्य भाषेबद्दल सामन्याच्या मानधनातला अर्धा हिस्सा दंड म्हणून राहिला. दोन उच्चारांत जेमतेम एका स्वराचं अंतर, आणि एवढ्या अंतरावर एक साधी शिवी दुसरीकडे वंशद्वेष. कातडीचा रंग काढणं, वंश काढणं याला खेळाच्या डावपेचाचं नाव देऊ नये. त्याला त्याच्याच नावाने हाक मारावी.

'स्लेजिंग' हा शब्द कुठून आला, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण चुकीचं इतकं पसरलंय की सांगतो. बर्फावरच्या घसरगाडीशी त्याचा संबंध नाही. ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार इयन चॅपेल याच्या सांगण्यानुसार 1963-64 किंवा 1964-65 च्या हंगामात अॅडलेडमध्ये एक खेळाडू एका बाईंच्या देखत शिवी देऊन बसला. त्याची ही रीत घण घातल्यासारखी आहे असं म्हटलं गेलं, आणि 'स्लेजहॅमर'वरून शब्द रुजला. दुसरी कथा अशी की कुणा फलंदाजाच्या घरातली भानगड काढून क्षेत्ररक्षक अमेरिकन गायक पर्सी स्लेजचं 'व्हेन अ मॅन लव्हज अ वुमन' हे गाणं म्हणत, त्यावरून हे नाव पडलं. ती कथा मोठ्या चवीने सांगितली जाते. पण ते गाणं आलं 1966 मध्ये. चॅपेलचा हंगाम धरला तर गाण्याआधीच शब्द होता. मी चॅपेलच्या बाजूने आहे, कारण तो त्या काळात त्याच मैदानांवर खेळत होता. गाण्याची गोष्ट म्हणजे अस्सल खुराफात.

आणखी एक शब्द या विषयात नेहमी येतो, 'मानसिक खच्चीकरण'. स्टीव्ह वॉच्या ऑस्ट्रेलियाच्या संदर्भात तो आपल्याकडे फार चालला. अर्थाने तो बरोबर आहे, फक्त लिहिताना लक्षात असू द्या की बैल खच्ची करतात तेच हे खच्ची. परिणाम सांगायचा असेल तेव्हा तो वापरावा. कृती सांगायची तर 'डिवचणे' आहे. निखारा काठीने डिवचतात, साप डिवचतात, आणि दोन्ही वेळा काठी धरणाऱ्याला माहीत असतं की आतून काहीतरी उसळणार आहे. डर्बनला 2007 मध्ये इंग्लंडच्या फ्लिंटॉफने युवराजला डिवचलं आणि उसळी बसली त्याचा सहकारी गोलंदाज बिचाऱ्या स्टुअर्ट ब्रॉडवर, सहा चेंडूंत सहा षटकार.

तेव्हा मथळ्यासाठी : 'स्लेजिंग केलं'ऐवजी 'कुरापत काढली', एकेका वाक्यासाठी 'डिवचलं', आणि खरोखर शिव्या दिल्या असतील तेव्हाच 'शिवीगाळ केली'. बोलघेवड्या खेळाडूसाठी वेगळा शब्द हवा असेल तर 'कुरापतखोर' तयार आहे. त्यातलं 'खोर' फारसी, म्हणजे खाणारा, चुगलखोरातला आणि लाचखोरातला. खुराफाच्या नावातला ख मराठीने सुरुवातीला गाळला होता, तो असा शेपटीला परत आला.