गावातल्या महिलांना नैसर्गिक रंगांची टुटीफ्रुटी शिकवायची आहे, सुरुवात कुठून करू?

ताई, कच्ची पपई भरपूर आहे आणि बचत गटाला बाजारातले रंग वापरायचे नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. कोकणातल्या तीन गटांना मी हे शिकवलंय, त्यावरून सांगते. रंगाच्या आधी चुन्याकडे बघा.

पपईच्या फोडी कडक राहाव्यात म्हणून त्या खायच्या चुन्याच्या निवळीत तासभर ठेवतात. पहिल्या वर्गात मी नुसतं "धुवून घ्या" म्हणाले. बायकांनी एकदाच पाणी घातलं नि ओतून दिलं. हळदीच्या पाकात पडल्यावर फोडी पिवळ्या व्हायच्या सोडून विटकरी लाल झाल्या. एक आजी म्हणाल्या, "अगो, हे तर कुंकू झालं!" बरोबरच होतं, हळद नि चुन्याचंच तर कुंकू करतात. मी वाटीत थोडा पाक घेऊन लिंबू पिळलं, रंग परत पिवळा झाला. तेव्हापासून प्रत्येक वर्ग मी याच वाटीने सुरू करते. मग चार-पाच पाण्यांनी धुवा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

धुतलेल्या फोडी पारदर्शक दिसेपर्यंत उकडून निथळा. एकदम घट्ट पाकात टाकल्या तर आक्रसतात. किलो फोडींना किलो साखर, पण पहिल्या दिवशी निम्मीच. पुढचे 3 दिवस रोज फोडी काढून, थोडी साखर घालून पाक आटवायचा. म्हणून एका दिवसाचं प्रशिक्षण ठेवूच नका. 4 दिवस, दुपारची जेवणं झाल्यावर तासभर.

लाल रंगासाठी सगळे बीट सुचवतात, पण उकळत्या पाकात ते तपकिरी पडतं. शेवटच्या दिवशी, पाक कोमट झाल्यावर घाला. रसाने पाक पातळ होऊन पुढे बुरशी धरते, तेव्हा रसाच्या दुप्पट साखर आधी त्यातच विरघळवा. माझी पसंती कोकमाला. ते मुळात आंबट, त्यामुळे लाली टिकते. आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस, नको, त्यात मीठ असतं. अमृत कोकम, म्हणजे सरबताचा गोड पाक, घ्या, त्यात साखर असतेच. पालकाचा हिरवा आंबटात शेवाळी होतो, त्याच्या नादी लागू नका.

फोडी सावलीत, जाळीवर, हाताला चिकटेनाशा होईपर्यंत वाळवा. उन्हात बिटाचा रंग उडतो. विक्रीआधी एफएसएसएआयची (सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करून घ्या. आणि कोकमाचा उरलेला पाक ओतू नका. शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्याजणी त्याचंच सरबत पितो.