रमोन्स या अमेरिकन पंक बँडच्या जॉनी रमोनसारखा गिटारचा आवाज घरच्या छोट्या अ‍ॅम्पवर कसा काढायचा?

पेडल (आवाज बदलणारी, पायाने चालवायची पेटी) विकत घेण्याआधी उजव्या हाताकडे बघा. जॉनी रमोनच्या आवाजाचं मूळ तिथेच आहे. तो जवळजवळ सगळं डाउनस्ट्रोकने वाजवायचा, प्रत्येक फटका वरून खाली. आपण सवयीने वर-खाली वाजवतो. मग वर येताना पिक (तार छेडायची चकती) आधी बारीक तारांना लागतो आणि आवाज पातळ होतो. खाली मारताना जाड तारा आधी वाजतात, ती धडधड त्यातूनच येते. सुरुवातीला मनगट भरून येतं, म्हणून मेट्रोनोम (तालाचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला १२० ठोक्यांवर लावा आणि रोज थोडं थोडं वाढवत १८० पर्यंत जा.

त्याच्याकडे मोझराइट गिटार आणि प्रचंड मोठ्या आवाजात लावलेला मार्शल अ‍ॅम्प असायचा. तुम्हाला साधी गिटारही चालेल, फक्त ब्रिजकडचा, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथला पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) निवडा. गेन (आवाज फाटका करणारी खुंटी) मात्र वाटतो त्यापेक्षा बराच कमी लागतो. सहाही तारांचा पूर्ण बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून) धरून एक फटका मारा: त्यातले स्वर वेगवेगळे ओळखू आले पाहिजेत. सगळा लगदा होत असेल तर गेन अजून खाली आणा. मिड (मधले स्वर) कापू नका, ही चूक खूप जण करतात. रिव्हर्ब (आवाजातला घुमारा) बंद.

१९७६ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये बेस डावीकडे आणि गिटार उजवीकडे आहे. हेडफोनची फक्त उजवी बाजू कानाला लावून ऐका. बेसशिवाय गिटार किती मोकळी आणि स्वच्छ वाजते, ते लगेच कळेल.