ताबा, भोगवटा आणि मालकी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी निवडलेल्या पत्रांमधून एक गैरसमज वारंवार डोकावतो. घराची किल्ली हातात आली की घर कायद्याने आपले झाले, असे अनेकजण धरून चालतात. महाराष्ट्रात मात्र सदनिकेचा प्रत्यक्ष ताबा, इमारत वापरण्याची परवानगी आणि जमिनीची मालकी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगवेगळ्या कागदांनी, वेगवेगळ्या कार्यालयांतून आणि बहुधा वेगवेगळ्या वर्षी मिळतात.

प्रश्न: आमच्या नोंदणीकृत करारनाम्यात ताब्याची तारीख डिसेंबर 2022 अशी आहे. बिल्डरने 2024 मध्ये ‘आतील कामांसाठी’ म्हणून किल्ल्या दिल्या आणि त्याच वेळी ‘सदनिका पाहून समाधान झाले, कोणतीही तक्रार नाही’ अशा मजकुराच्या पत्रावर आमच्या सह्या घेतल्या. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) अजून आलेले नाही आणि पाण्यासाठी टँकर मागवावे लागतात. व्याज मागितले तर बिल्डर म्हणतो की ताबा घेतलात, विषय संपला. त्याचे म्हणणे बरोबर आहे का? (एक वाचक, ठाणे जिल्हा)

उत्तर: बरोबर नाही, परंतु आपली बाजूही पूर्णपणे निर्दोष नाही, हे आधी सांगणे भाग आहे. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा 1963 चा कायदा, ज्याला सर्वजण मोफा म्हणतात, त्याच्या कलम 3 मध्ये दुहेरी बंधन आहे. पूर्णत्वाचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, कोणालाही ताबा देऊ नये आणि कोणीही ताबा घेऊ नये. बिल्डरांवरील बंधन सर्वांना ठाऊक असते. वाक्याचा उत्तरार्ध मात्र क्वचितच कोणी वाचतो. एकीकडे भाडे आणि दुसरीकडे कर्जाचा हप्ता अशा कात्रीत सापडलेला माणूस मिळेल ती किल्ली घेतो, हे मला समजते. ‘आतील कामांसाठी ताबा’ हा शब्दप्रयोग याच अगतिकतेवर उभा आहे.

आता मुख्य मुद्दा. स्थावर संपदा कायदा, 2016 म्हणजेच रेरा, याच्या कलम 11 नुसार भोगवटा प्रमाणपत्र मिळवणे ही प्रवर्तकाची जबाबदारी आहे आणि ते मिळाल्यानंतर दोन महिन्यांच्या आत खरेदीदाराने ताबा घ्यावा, असे कलम 19 सांगते. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या की कायद्याला अभिप्रेत असलेला ताबा भोगवटा प्रमाणपत्रानंतरचाच आहे, हे स्पष्ट होते. म्हणून कलम 18 खालील विलंबाचे व्याज किल्ली मिळाल्याच्या दिवशी थांबत नाही, ते वैध ताब्यापर्यंत चालू राहते, असा युक्तिवाद आपण जरूर करावा. माझ्या मते तो भक्कम आहे. प्रतिपक्ष प्रत्यक्ष वापराकडे बोट दाखवेल, तेव्हा पाण्याची जोडणी नसल्याची पत्रे आणि टँकरची बिले यांचा उपयोग होईल.

व्याजाचा दर महाराष्ट्राच्या नियमांनुसार भारतीय स्टेट बँकेच्या कर्जदराशी, म्हणजे सर्वोच्च एमसीएलआरशी, जोडलेला असून त्यावर 2 टक्के अधिक धरले जातात. विलंब मोजायचा तो करारनाम्यातील तारखेपासून. महारेराच्या, म्हणजे रेराखालील राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रवर्तकाने पुढची तारीख नोंदवली असली, तरी त्यामुळे करारातील तारीख पुसली जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये या कायद्याची वैधता तपासताना ही भूमिका स्पष्ट केली होती.

समाधानपत्रावरील सहीने फार घाबरून जाऊ नये. कायद्याने दिलेला हक्क छापील पत्रातल्या एका ओळीने सहजासहजी संपत नाही, विशेषतः किल्ली मिळण्यासाठी ती सही ही अटच असेल तर. ती परिस्थिती सांगणारे एक पत्र आजच बिल्डरला पोच-पावतीसह पाठवावे. उशिरा पाठवलेले पत्र अजिबात न पाठवलेल्या पत्रापेक्षा बरे.

तक्रार करण्याच्या मुदतीची चिंताही काहीशी कमी होईल. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात असे ठरवले की, भोगवटा प्रमाणपत्र न मिळवणे ही सतत चालू राहणारी चूक आहे. त्या संस्थेला प्रमाणपत्राअभावी वाढीव दराने कर आणि पाणीपट्टी भरावी लागत होती आणि ग्राहक म्हणून त्याची भरपाई मागण्याचा तिचा हक्क न्यायालयाने मान्य केला. आपणही टँकरचा खर्च सर्वांनी मिळून मागावा. तो मागताना तक्रार योग्य ठिकाणी जाईल याची काळजी घ्यावी, कारण व्याजाचा निर्णय महारेरा प्राधिकरण करते, तर नुकसानभरपाईचा निर्णय रेराच्या कलम 71 खालील न्यायनिर्णय अधिकारी करतो.

आणखी एक गोष्ट वकील मंडळी पहिल्या भेटीत सहसा सांगत नाहीत. महारेराचा आदेश हाती येणे आणि पैसे हाती येणे यांत बरेच अंतर असते. रक्कम न भरल्यास कलम 40 नुसार ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते, म्हणजे प्रकरण जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि तिथून तहसीलदाराकडे जाते. प्रवर्तकाच्या न विकलेल्या सदनिका आणि इतर मालमत्ता यांची माहिती आपणच गोळा करून तहसीलदारापुढे ठेवली, तर काम पुढे सरकण्याची शक्यता वाढते.

प्रश्न: ताबा घेऊन तीन वर्षे झाली. दोन पावसाळ्यांपासून शयनगृहाच्या बाहेरील भिंतीतून पाणी झिरपते. बिल्डर म्हणतो की हमी एकच वर्षाची होती. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: बिल्डरच्या छापील पत्रातील एका वर्षाला इथे महत्त्व नाही. रेराच्या कलम 14 नुसार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधणीतील किंवा कामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणून दिला, तर प्रवर्तकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, नाहीतर भरपाई द्यायची असते. फक्त दोष लेखी कळवावा. रखवालदाराजवळ किंवा साइट सुपरवायझरजवळ केलेली तोंडी तक्रार पुढे सिद्ध करता येत नाही. आपण मधल्या काळात ती भिंत फोडून खिडकी मोठी केली असेल किंवा वातानुकूलन यंत्रासाठी भोके पाडली असतील, तर बिल्डर तेच कारण पुढे करील. म्हणून दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा छायाचित्रांसह अहवाल घ्यावा.

प्रश्न: आमची सहकारी गृहनिर्माण संस्था 1998 मध्ये नोंदली गेली. जमीन अजूनही मूळ मालक आणि बिल्डर यांच्या नावावर आहे. बिल्डर वारला, त्याचे वारस दाद देत नाहीत. आता पुनर्विकासाची चर्चा सुरू झाल्यावर हे प्रकरण आठवले. (संस्थेचे सचिव, पुणे)

उत्तर: बहुतेक संस्थांना ते याच वेळी आठवते. संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत प्रवर्तकाने जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे करून देणे मोफाखालील नियमांनुसार आवश्यक होते. रेराने ही मुदत वेगळ्या प्रकारे मांडली आहे, परंतु आपल्या जुन्या संस्थेला मोफाचाच मार्ग सरळ पडेल. प्रवर्तक सही करत नसेल, तर मोफाच्या कलम 11 नुसार मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. प्रवर्तकाच्या सहीशिवाय होणारे हे हस्तांतरण लोकांच्या तोंडी डीम्ड कन्व्हेयन्स म्हणूनच आहे.

अर्ज आपल्या जिल्ह्याच्या सहकारी संस्था उपनिबंधकांकडे करायचा. या कामासाठी तेच सक्षम प्राधिकारी असतात. संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, सदनिकांचे नोंदणीकृत करारनामे आणि त्यांची सूची क्रमांक 2 (दस्त नोंदणीचा उतारा), सात-बारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक आणि मंजूर नकाशे ही त्यामागची मुख्य कागदपत्रे. जुन्या सभासदांपैकी एखाद्याचा करारनामा हरवलेला असतोच. त्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. भोगवटा प्रमाणपत्र नसले तरी अर्ज अडत नाही, मात्र त्याबाबत संस्थेने स्वघोषणापत्र द्यावे लागते. मूळ जमीनमालक आणि बिल्डरचे वारस या सर्वांना प्रतिपक्ष करावे. एखादे नाव वगळले, तर पुढे तेच आदेशाला आव्हान देण्याचे निमित्त ठरते. सर्वांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन अर्ज मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत निर्णय द्यावा, असे कायदा सांगतो.

मानीव अभिहस्तांतरणाचे प्रमाणपत्र मिळाले की काम संपले, असे समजू नये. मसुद्याचा मुद्रांक शुल्काबाबतचा अभिनिर्णय (म्हणजे किती शुल्क लागते हे ठरवून घेणे), दुय्यम निबंधकाकडील एकतर्फी नोंदणी आणि शेवटी मालमत्ता पत्रकावर संस्थेच्या नावाची नोंद, एवढे टप्पे उरतात. शेवटच्या टप्प्याशिवाय थांबलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. दस्त कपाटात आणि मालमत्ता पत्रकावर जुनेच नाव, अशी त्यांची स्थिती असते. क्षेत्रफळही काळजीने तपासावे, कारण एका भूखंडावर अनेक इमारती असल्यास आपल्या वाट्याला किती जमीन येते, यावरच पुनर्विकासातील चटई क्षेत्राचे (किती बांधकाम करता येईल याचे) सारे गणित ठरते.

प्रश्न: बिल्डर मोकळ्या जागेतील वाहनतळ स्वतंत्र रक्कम घेऊन विकत आहे. घ्यावा का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर: घेऊ नये. रेराच्या व्याख्येत खुला वाहनतळ हा सामाईक क्षेत्राचा भाग आहे आणि सामाईक जागा एकाला विकता येत नाही. छत आणि तीन बाजूंनी भिंती असलेल्या गॅरेजची गोष्ट वेगळी. खांबांवरच्या इमारतीखालील जागाही सदनिकेप्रमाणे स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोफाखालील प्रकरणात दिलेला आहे.

प्रश्न: स्वतःच्या भूखंडावर घर बांधण्यासाठी कंत्राटदाराशी चौरस फुटाच्या दराने करार केला. दिरंगाई झाल्यास दर दिवशी 2,000 रुपये दंड, असे त्यात लिहिले आहे. स्लॅब झाल्यावर तो आगाऊ रक्कम घेऊन निघून गेला. महारेराकडे जाऊ की पोलिसांकडे? (एक वाचक, सांगली)

उत्तर: महारेराचा इथे संबंध नाही, कारण आपण कोणाकडून घर विकत घेतलेले नाही. पोलिसांबाबत सांगायचे तर, काम अर्धवट सोडणे हा करारभंग आहे. फसवणुकीचा गुन्हा होण्यासाठी सुरुवातीपासूनच अप्रामाणिक हेतू होता, हे दाखवावे लागते. स्लॅबपर्यंत काम केलेल्या माणसाविरुद्ध ते दाखवणे अवघड आहे.

घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सेवा मानली आहे, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोग हा आपल्यासाठी सोयीचा मार्ग आहे. दिलेला मोबदला 50 लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार तिथे चालते आणि ती कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. दंडाच्या रकमेविषयी मात्र अपेक्षा आवरती ठेवावी. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते. त्यामुळे दिवस मोजून दोन हजारांनी गुणण्यापेक्षा उरलेले काम दुसऱ्याकडून करून घेताना वाढलेला खर्च बिलांनिशी दाखवणे अधिक उपयोगी पडते.

त्यासाठी सर्वात तातडीचे काम न्यायालयाबाहेरचे आहे. नवा कंत्राटदार एक वीटही लावण्यापूर्वी वास्तुविशारदाकडून झालेल्या कामाची मोजमापे, दर्जाचा अहवाल आणि छायाचित्रे करून घ्यावीत आणि जुन्या कंत्राटदाराला त्या मोजणीला हजर राहण्याची लेखी नोटीस द्यावी. तो आला नाही तरी चालेल, नोटीस मात्र फाइलमध्ये असली पाहिजे. नव्या भिंती उभ्या राहिल्यावर जुने काम कुठे संपले, हे कोणीही सांगू शकत नाही.