स्वीडिशमधील ‘आक्तुएल’ या विशेषणाचा अर्थ काय आणि ते कुठून आले?

‘आक्तुएल’ म्हणजे सध्याचा, प्रस्तुत किंवा ताज्या घडामोडींशी संबंधित. आपल्या बोलण्यात रुळलेल्या ‘ॲक्च्युअली’मुळे त्याचा अर्थ ‘खरा’ किंवा ‘प्रत्यक्षातला’ असा लावण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. स्वीडिश दूरचित्रवाणीवर 1958 पासून असलेल्या बातमीपत्राचे ‘आक्तुएल्त’ हे नाव याच विशेषणाचे नपुंसकलिंगी रूप आहे. नॉर्वेजियनमध्ये एखादी सूचना साफ फेटाळताना ‘ते आक्तुएल नाही’ म्हणतात, म्हणजे तो विषयच उद्भवत नाही. ही छटा मला विशेष बोलकी वाटते.

मूळ लॅटिन ‘आगेरे’, म्हणजे करणे, या क्रियापदात आहे. त्यावरून ‘आक्तुस’ (कृती) आणि पुढे ‘आक्तुआलिस’ (कृतिशील) हे शब्द घडले, आणि फ्रेंचमध्ये त्याला ‘आत्ताचा’ हा अर्थ चिकटल्यावर तो त्याच अर्थासह उत्तरेकडे पोहोचला.