किनाऱ्यावर नाणी शोधताय? मशीन नंतर, आधी वाळू वाचा

तुम्ही विचारलंय की नवीन मेटल डिटेक्टर (वाळूतला धातू ओळखणारं मशीन) घेऊन किनाऱ्यावर फिरलो, पण बाटल्यांची बुचं आणि कॅनच्या रिंगा सोडून काही मिळत नाही, तर आता महागातलं मशीन घ्यावं का, आणि जी दोन-चार काळीहिरवी नाणी मिळाली ती साफ कशी करायची. मशीन आत्ता बदलू नका. जागा बदला आणि वेळ बदला.

समुद्र वस्तू वजनाप्रमाणे वेगळ्या करतो हे आधी डोक्यात पक्कं बसवा. पाण्याची घनता 1 धरली तर वाळूची साधारण 2.65, तांब्याची 8.9, चांदीची 10.5 आणि सोन्याची 19.3. म्हणजे लाटांनी वाळू हलली की अ‍ॅल्युमिनियमची रिंग वर राहते, वाहत कुठेतरी भलतीकडेच जाते, आणि जड वस्तू खाली खाली बसत शेवटी कडक थरावर किंवा शंख-खड्यांच्या थरावर जाऊन थांबते. त्यामुळे जिथे नुसती बुचं आणि फॉइल लागतंय तिथे तासभर घालवण्यात अर्थ नाही, पुढे सरका. याउलट मासेमारीच्या गळाची शिशाची वजनं सापडायला लागली, शेजारी गोटे दिसले, की तिथून हलू नका, कारण ज्या पाण्याने शिसं तिथे आणून टाकलं त्यानेच नाणी आणि अंगठ्याही टाकल्या असणार. मी तर शिशाचा पहिला तुकडा निघाला की तिथे काठी रोवतो आणि तिच्या भोवती हळूहळू, कॉइल (मशीनच्या टोकाची गोल चकती) वाळूला जवळजवळ टेकवून, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढवत फिरतो. लोक कॉइल झाडूसारखी हवेत फिरवतात आणि मग म्हणतात मशीन खोल जात नाही!

वेळेचं म्हणाल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही सगळ्यात लांब जाते, एरवी पाण्याखाली असणारा पट्टा तेव्हाच उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, तेवढं मिळत नाही. ओहोटी पूर्ण व्हायच्या दोनेक तास आधी पोचा आणि पाण्यामागे खाली उतरत जा, भरती फिरली की मुकाट्याने वर या. वादळानंतरचे दिवस तर सोडूच नका. मोठ्या लाटा वरची वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्याला पायरीसारखा काप पडतो, त्या कापाच्या पायथ्याशी जुना थर उघडा असतो. शांत हवेत लाटा हीच वाळू परत आणून टाकतात आणि सगळं पुन्हा मशीनच्या आवाक्याबाहेर, कारण साधं मशीन एका नाण्यासाठी वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर 1715 च्या जुलैमध्ये चक्रीवादळात स्पॅनिश जहाजांचा ताफा बुडाला, त्यातली हाताने ठोकलेली वेडीवाकडी चांदीची नाणी अजूनही वादळानंतर वाळूत सापडतात, ती याच कारणाने.

आता मशीन. सिंगल फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे एकाच कंपनसंख्येवर चालणारं असेल तर ओल्या खाऱ्या वाळूत ते उगाच बोंबलणारच, खारं पाणी वीज वाहतं आणि मशीनला तोच धातू वाटतो. सेन्सिटिव्हिटी कमी करा, नाहीतर सरळ कोरड्या वाळूत, लोक जिथे बसतात-लोळतात तिथे फिरा, खिशातून पडलेली नाणी तिथेच असतात. मल्टी फ्रिक्वेन्सीवाली, म्हणजे एकाच वेळी अनेक कंपनसंख्या वापरणारी मशीन्स ओल्या वाळूत बरीच शांत चालतात. पल्स इंडक्शनवाली (विजेचे छोटे झटके सोडून धातू शोधणारी) मशीन्स मीठ आणि लोहयुक्त काळी वाळू दोन्ही पचवतात पण लोखंड कुठलं आणि चांदी कुठली हे नीट सांगत नाहीत, म्हणजे गंजके खिळे खणायची तयारी ठेवा. आणि कंटाळून अ‍ॅल्युमिनियमचे आकडे (धातूप्रमाणे मशीनच्या पडद्यावर दिसणारे) ब्लॉक करू नका, बारीक सोन्याची अंगठी बऱ्याचदा त्याच आकड्यांवर बोलते.

साफसफाईबाबत मी जरा कडक आहे. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट काहीही लावायचं नाही. नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पाणी बदलत राहा, आत मुरलेले समुद्राच्या मिठातले क्लोराइड हळूहळू बाहेर पडतात. तांब्या-काशाच्या नाण्यावर फिक्कट हिरवी भुकटी धरायला लागली तर ते क्लोराइडचंच काम, दमट हवेत ते नाणं पोखरत जातं, त्यामुळे पूर्ण वाळवून सिलिका जेलसोबत बंद डबीत ठेवा. चांदीवरचा काळा थर घासू नका, त्याच्याखाली अक्षरं असतात. अमेरिकेचा 1982 नंतरचा एक सेंट आतून जस्ताचा आहे, वरचा तांब्याचा पातळ थर फुटला की समुद्र त्याला भोकं पाडतो, त्यावर मेहनत वाया. झिजलेलं नाणं ओळखायला वजन आणि व्यास मोजा, अर्धं कोडं तिथेच सुटतं. अल्बममध्ये मात्र किनाऱ्यावरची नाणी वेगळ्या पानावर लावा, ग्रेडच्या (नाण्याच्या स्थितीवरून दिलेल्या दर्जाच्या) हिशोबात ती बहुतेक बसत नाहीत.

खड्डे बुजवा, तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता कळवा, आणि कुठल्या किनाऱ्यावर शोधायला परवानगी लागते ते आधी विचारून घ्या, जुन्या अवशेषांजवळ तर नक्कीच. तुमचं मशीन सिंगल आहे का मल्टी ते सांगा, सेटिंग्ज लिहून देतो.